कबड्डीत एकट्याने निर्णय घेणारी पोरं बास्केटबॉलमध्ये सरांकडे का बघत राहतात?

कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराकडे 30 सेकंद असतात. समोर सात जण. बाहेरून मित्र ओरडतायत, सर ओरडतायत, पण मध्यरेषा ओलांडली की त्यातलं काहीच त्याच्या कामाचं नसतं. डावा कोपरा पुढे सरकलाय का? मधल्याचं वजन टाचेवर आहे की चवड्यावर? बोनस घ्यायचा, हात मारायचा की मुकाट्याने परत यायचं? बारा-तेरा वर्षांचं पोरगं हे सगळं दम टिकवत, एकट्याने ठरवतं.

आता त्याच पोराला बास्केटबॉलच्या मैदानावर उभं करा. चेंडू हातात आला की तो पहिल्यांदा कुठे बघतो? रिंगकडे नाही, मोकळ्या मित्राकडेही नाही. तो बघतो रेषेबाहेर उभ्या असलेल्या सरांकडे. सर ओरडतात, ‘पास दे!’ तोवर समोरचा अंगावर आलेला असतो आणि पास देण्याची जागा बंद झालेली असते.

पोरगं तेच, डोकं तेच. मग एका खेळात चटचट ठरवणारा मुलगा दुसऱ्या खेळात गोंधळतो का?

हा प्रश्न विचारायला बुलढाणा जिल्ह्यातलं हिवरा आश्रम हे बरं ठिकाण आहे. लोणारच्या शेजारच्या मेहकर तालुक्यातलं हे गाव राज्यभर ओळखलं जातं ते शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि विवेकानंद जयंतीला तिथे हजारोंच्या पंगतीला वाढल्या जाणाऱ्या पुरी-भाजीच्या महाप्रसादामुळे. ज्यांच्या नावाने हा आश्रम उभा आहे, त्या स्वामी विवेकानंदांनी 1897 मध्ये मद्रासच्या तरुणांना सांगितलं होतं की गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉल खेळून तुम्ही स्वर्गाच्या जास्त जवळ जाल. बास्केटबॉल तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता.

हिवरा आश्रम काय किंवा आसपासची गावं काय, इथल्या मुलांना बास्केटबॉल शिकवायचा म्हणजे कोऱ्या पाटीवर लिहिणं नव्हे. ही मुलं कबड्डी आणि खो-खो खेळत मोठी होतात. समोरच्याला वाचणं, हूल देणं, शेवटच्या क्षणी बेत बदलणं त्यांच्या अंगात असतं. अडचण अशी की आपली बास्केटबॉल शिकवण्याची नेहमीची पद्धत ते वापरूच देत नाही.

ड्रिबल कुणी शिकवलं?

आधी खेळाच्या जन्माकडे जाऊ, कारण गोष्ट तिथपासून सुरू होते.

डिसेंबर 1891. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नेस्मिथ नावाचा शारीरिक शिक्षणाचा शिक्षक एका दांडगट वर्गाला कंटाळला होता. बाहेर थंडी, आत कवायतीला विटलेली पोरं. त्याने पीचच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि 13 नियम लिहिले. त्यातला एक नियम असा, की चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. जिथे पकडला तिथूनच फेकायचा.

या 13 नियमांत ड्रिबल नव्हतंच. चेंडू टप्पा मारत पुढे नेण्याची युक्ती काढली ती खेळाडूंनी. पास द्यायला कुणी मोकळं नसेल तर चेंडू जमिनीवर आपटून स्वतःच परत घ्यायचा, म्हणजे स्वतःलाच दिलेला पास. नियमातली फट खेळाडूंनी शोधली आणि पुढे तीच खेळाची ओळख झाली. आज बास्केटबॉलच्या पहिल्या दिवशी मुलांना काय शिकवतात? ड्रिबल. सरळ रांगेत, शिट्टीवर, समोर कुणीही नसताना.

खेळात मात्र समोर कायम कुणीतरी असतं. तुमच्याकडे पास आलाय आणि बचाव करणारा तुमच्या दिशेने धावत येतोय, असं धरा. तो सुसाट आला तर त्याच्या बाजूने ड्रिबल करत निघायचं, कारण त्याला थांबता येणार नाही. तो लांबच थबकला तर शॉट मारायचा. तुम्ही आत घुसलात आणि दुसरा कुणी तुम्हाला अडवायला आला तर त्याने ज्याला मोकळं सोडलं त्याला पास. तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. कधी कोणतं, हे समोरचा काय करतो त्यावर ठरतं आणि त्यासाठी सेकंदभरही मिळत नाही. सरांनी ओरडून सांगेपर्यंत प्रश्न बदललेला असतो.

प्रशिक्षकांच्या भाषेत ‘प्लेमेकर’ म्हणतात तो हाच. फार उंच किंवा फार वेगवान असणं त्याला सक्तीचं नाही. समोरचा काय करतोय ते बघून आपल्या संघाला फायदा होईल असं काहीतरी करणारा खेळाडू तो.

30 मुलं, दोन रिंग, 12 ले-अप

आता एका साध्या हिशोबाकडे या. शाळेत बास्केटबॉलचं मैदान आहे, दोन रिंग आहेत, चेंडू चार-पाच. वर्गात 30 मुलं. तास 40 मिनिटांचा, त्यातली 10 मिनिटं हजेरी, ओळी आणि अंग मोकळं करण्यात गेली. उरली 30.

सर दोन रांगा लावतात. एकेकाने पळत यायचं, ले-अप मारायचा, म्हणजे दोन पावलं टाकून रिंगजवळून चेंडू आत टाकायचा, आणि रांगेच्या मागे जाऊन उभं राहायचं. एका ले-अपला साधारण 10 सेकंद धरले तर 30 मिनिटांत एका रिंगवर 180 आणि दोन्ही मिळून 360 ले-अप होतात. म्हणजे माणशी 12. प्रत्येक मुलगा एकूण दोन मिनिटं खेळला आणि 28 मिनिटं रांगेत उभा राहिला.

त्या दोन मिनिटांतही त्याने काय ठरवलं? काहीच नाही. कुठून पळायचं, कुठे उडायचं, कोणत्या हाताने टाकायचं हे सगळं आधीच ठरलेलं. रेल्वेच्या रुळावरून जाणाऱ्याला वळण निवडावं लागत नाही.

त्याच 30 मुलांचे तिघा-तिघांचे 10 संघ केले आणि दोन्ही रिंगवर अर्ध्या मैदानात तीन विरुद्ध तीन असा खेळ लावला, तर एका वेळी 12 मुलं खेळतात. दर तीन मिनिटांनी संघ बदलले की प्रत्येकाच्या वाट्याला 12 मिनिटं येतात. खर्च तेवढाच, मैदान तेच, सर तेच. शिवाय तिघांच्या खेळात लपायला जागा नसते. पाचांच्या संघात कच्चा मुलगा कोपऱ्यात उभा राहून अख्खा सामना चेंडूला हात न लावता काढू शकतो आणि शाळांच्या सामन्यांत असे मुलगे हमखास दिसतात. तिघांत त्याच्याकडे चेंडू येतोच.

घण मारणारा हात

रांगेतल्या सरावाच्या बाजूने एक जोरदार युक्तिवाद असतो. आधी तंत्र पक्कं होऊ द्या, निर्णयाचं नंतर बघू. अक्षरं गिरवल्याशिवाय निबंध कसा लिहिणार? ऐकायला पटतं. पण गेल्या शंभर वर्षांतलं हालचालींचं शास्त्र याला सरळ होकार देत नाही.

1920 च्या दशकात मॉस्कोमध्ये निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचाली कॅमेऱ्याने टिपल्या. कामगार मुरलेला, हजारो घाव घातलेला. घाव दरवेळी नेमका छिन्नीवर पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचा मार्ग दरवेळी थोडा वेगळा होता. म्हणजे कसब एकच हालचाल घोटून घेण्यात नव्हतं. दरवेळी जरा वेगळ्या वाटेने त्याच जागी पोचणं, हे कसब होतं. गावातल्या लोहाराला हे नवीन वाटणार नाही. लोखंड कधी जास्त तापलेलं असतं, कधी कमी, घाव त्याप्रमाणे घालावा लागतो.

पुढे 1982 मध्ये इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी शाळेतल्या खेळाच्या तासाबद्दल हाच मुद्दा मांडला. मुलांना आधी खेळाचं सोपं रूप खेळू द्या, त्यातून अडचण त्यांना दिसू द्या आणि मग तंत्र द्या. चेंडू सारखा हिसकावला जातोय हे अनुभवलेल्या मुलाला चेंडू अंगाआड कसा ठेवायचा ते शिकायची गरज कळते. नाहीतर ते फक्त सरांचं म्हणणं असतं.

1986 मध्ये सिनाह गुड आणि रिचर्ड मॅगिल यांचा बॅडमिंटनवरचा प्रयोग आला. शिकाऊ मुलींना तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकवल्या. एका गटाने एका वेळी एकच प्रकार घोटला, दुसऱ्या गटाने तिन्ही सरमिसळ करून. सराव संपल्यानंतर घेतलेल्या चाचणीत सरमिसळ करणारा गट पुढे निघाला. कोर्टच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करायला लावली तेव्हाही तोच पुढे.

यातला धडा शिक्षकासाठी थोडा त्रासदायक आहे. एकच गोष्ट घोटताना मूल सरावात झकास दिसतं. रांगेतले ले-अप पटापट पडतात, पालक बघायला आले तर खूश होतात, मुख्याध्यापकही मान डोलावतात. सरमिसळ सराव गचाळ दिसतो. शिकणं मात्र त्या गचाळ दिसणाऱ्या सरावात जास्त टिकतं.

म्हणून घोटणं निरुपयोगी आहे असं कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. शॉट मारताना कोपर कुठे असावं, चेंडू बोटांवर कसा बसावा यासाठी एकट्याने रिंगसमोर उभं राहून शेकडो वेळा मारावंच लागतं. अगदी नवख्या मुलाला पहिले काही दिवस चेंडूची सवय व्हायला मोकळं ड्रिबलही हवं. तक्रार एवढीच की आपल्याकडे ते पहिले काही दिवस पुष्कळदा दहावीपर्यंत चालतात.

नियम बदलला की डोकं बदलतं

मुलांना निर्णय घ्यायला ‘शिकवायचं’ कसं? भाषण देऊन तर होत नाही. ‘डोकं वापर रे’ असं म्हटल्याने आजवर कुणाचं डोकं चाललेलं नाही.

याचं उत्तर मराठी मातीतल्या खेळांनी गेल्या काही वर्षांत सगळ्यांसमोर दाखवलंय. कबड्डीत जिंकत असलेला संघ वेळ काढायला रिकाम्या चढाया करायचा. प्रो कबड्डीत नियम आला की सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी ‘करा किंवा मरा’. गुण आणा, नाहीतर बाद. कुणी चढाईपटूंना आक्रमक व्हा म्हणून समजावत बसलं नाही. एक नियम बदलला आणि खेळणाऱ्यांचे विचार बदलले.

खो-खोचं उदाहरण याहून बोलकं आहे. पारंपरिक खो-खोत पाठलाग करणारा एकदा एका दिशेने निघाला की खांबापर्यंत त्याला मागे फिरता येत नाही. 2022 मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खोने ‘वजीर’ आणला. हा गडी कुठल्याही दिशेला वळू शकतो. लगेच पळणाऱ्यांना नवं कोडं पडलं, वजीर कधी उठेल आणि कुठे वळेल? आणि खो देणाऱ्यालाही, वजिराला आत्ता उठवायचं की नंतर? जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी दोन्ही अंतिम सामन्यांत नेपाळला हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे.

बास्केटबॉलमध्येही हे झालंय. 1950 मध्ये एनबीएचा एक सामना 19-18 असा संपला, कारण एका संघाने चेंडू हातात धरून नुसता वेळ काढला. 1954 मध्ये 24 सेकंदांत शॉट मारण्याचा नियम आला आणि खेळ धावू लागला.

क्रीडाशास्त्रात या विचाराला मर्यादांवर आधारलेलं शिक्षण म्हणता येईल. कार्ल न्यूवेल यांनी 1986 मध्ये त्याचा पाया मांडला. हालचाल तीन गोष्टींतून घडते, खेळाडूचं शरीर, आजूबाजूची परिस्थिती आणि समोरचं काम. शिक्षकाच्या हातात यातलं तिसरं सगळ्यात जास्त असतं. तो मैदान लहान करू शकतो, गडी कमी-जास्त करू शकतो, गुण देण्याची पद्धत बदलू शकतो.

मैदानावर हे कसं दिसतं?

ले-अपच्या रांगेपासूनच सुरुवात करू. रांग राहू द्या, फक्त रिंगखाली एक बचाव करणारा उभा करा आणि त्याला मोकळीक द्या, वाटलं तर पुढे ये, वाटलं तर उभा राहा. आता पळत येणाऱ्याला मान वर करून त्याच्याकडे बघावंच लागतं. त्याच्या सोबत एक जोडीदार द्या, दोघांवर एक. बचाववाला पुढे आला तर पास, मागे राहिला तर स्वतः टाक. बास्केटबॉलमधला पहिला खरा निर्णय हाच आणि खो-खोत हूल ओळखणाऱ्या मुलाला तो पाच मिनिटांत कळतो.

दुसरा प्रकार, ड्रिबल बंद. तीन विरुद्ध तीन, फक्त पास. सुरुवातीला सगळे चेंडूभोवती गोळा होतात, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसे. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की चेंडूपासून लांब पळालं तरच पास मिळतो. त्यानंतर एखादी पोरगी शोधून काढते की बचाव करणारी पासची वाट अडवायला फार पुढे आली असेल तर तिच्या पाठीमागून रिंगकडे पळायचं. हा डाव जगभर शिकवला जातो. अमेरिकेतलं प्रिन्सटन विद्यापीठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. 1996 मध्ये त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलएला 43-41 ने हरवलं, ते शेवटच्या क्षणी असंच पाठीमागून पळून. ड्रिबल बंद केलं की हा डाव मुलांना बहुतेकदा आपोआप सापडतो.

तिसरा, उशिरा येणारा बचाव. हल्ला करणाऱ्याला दोन पावलांची आघाडी देऊन सोडायचं. मिळालेला फायदा टिकवायचा कसा हे यात समजतं, कारण तो दोन-तीन सेकंदांत संपतो.

मात्र नियम लादताना एक चूक फार होते. ‘पाच पास झाल्याशिवाय बास्केट मोजणार नाही.’ हेतू चांगला, मुलांनी एकमेकांना चेंडू द्यावा. होतं असं की पहिल्या चार पासांत शॉट येणार नाही हे बचाव करणाऱ्याला माहीत असतं, त्यामुळे तो निवांत. आणि रिंगखाली मोकळा उभा असलेला मुलगा चेंडू परत मागे देतो, कारण अजून तिसराच पास आहे. आपण त्याला समोर दिसणाऱ्या संधीकडे दुर्लक्ष करायला शिकवलं. त्याऐवजी पासवरून लगेच झालेल्या बास्केटला तीन गुण दिले तर पास वाढतात आणि डोळेही उघडे राहतात.

मग सगळे असं का करत नाहीत?

क्रीडाशिक्षकांना हे ठाऊक नाही असं समजणं अन्यायाचं आहे. विदर्भात शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवली होती. खेळ समजणारी माणसं इथे कमी नाहीत.

अडतं ते स्पर्धेपाशी. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, मग बुलढाण्यासाठी अमरावती विभाग, मग राज्य. सामने बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. एक हरलात की वर्ष संपलं. वर्षभर सराव करून एखाद्या संघाला जेमतेम एक सामना मिळतो.

आता त्या एका सामन्यासाठी सरांनी काय करावं? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे झोन. पाचही जणांनी आपापल्या माणसामागे न पळता रिंगभोवती जागा धरून उभं राहायचं, पुढे दोन आणि मागे तीन. तेरा वर्षांच्या मुलांना लांबून शॉट बसत नाही, आत जायला वाट नाही, संपलं. उंच मुलगा असेल तर त्याला रिंगखाली रोवून ठेवायचं आणि बाकीच्यांनी चेंडू त्याच्याकडे फेकायचा. सामना जिंकला जातो. पण पुढच्या पाच जणांपैकी माणसाला माणूस लावून बचाव कसा करतात हे एकालाही येत नाही आणि तो उंच मुलगा 17 वर्षांखालच्या गटात गेला, सगळे त्याच्याएवढे झाले, की त्याच्याकडे दुसरं काही उरत नाही.

जगात हे ओळखून नियमच बदलले गेलेत. एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल यांनी मुलांच्या बास्केटबॉलसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 11 वर्षांपर्यंत झोन नको, लहान गटांत रिंग खाली आणा, सगळ्यांना खेळायला समान वेळ द्या, असं सांगितलंय. मोठ्यांची रिंग 3.05 मीटरवर असते. जगभरात खेळल्या जाणाऱ्या मिनी बास्केटबॉलमध्ये ती 2.60 मीटरवर असते. आपल्या बहुतेक शाळांत एकच रिंग असते, मोठ्यांच्या उंचीची, त्यामुळे दहा वर्षांचं मूल दोन्ही हातांनी कमरेपासून चेंडू भिरकावतं आणि तीच सवय पुढे मोडावी लागते.

शिवाय महाराष्ट्रात खेळाला कागदावर वजन आहे. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार क्रीडा गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. मेहकर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरात हे गुण आणि हे प्रमाणपत्र साधी गोष्ट नाही. आई-बाप मुलाला संध्याकाळी शेतातलं काम सोडून मैदानावर पाठवतात त्यामागे हा हिशोबही असतो. अशा वेळी एखाद्या सरांनी ‘या वर्षी हरलो तरी चालेल, पोरं शिकतायत’ असं म्हटलं तर त्यांना नुसता शास्त्राचा आधार पुरत नाही. त्या वर्षी दहावीत असलेल्या मुलाचे गुण कोण भरून देणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर एकट्या शिक्षकाकडे मागणं बरोबर नाही. 14 वर्षांखालच्या गटात झोनला बंदी, आणि बाद पद्धतीऐवजी निदान तालुका पातळीवर प्रत्येक संघाला तीन-चार सामने, हे दोन बदल स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात आहेत. पहिल्याला एक पैसाही लागत नाही. दुसऱ्याला दोन दिवस जास्त आणि जेवणाचा खर्च.

सर गप्प का बसलेत?

आणखी एक अडथळा आहे, त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. ओरडणारा प्रशिक्षक मेहनती वाटतो. सामन्यात जो सतत सूचना देतो, हातवारे करतो, त्याच्याबद्दल लोक म्हणतात, ‘सर जीव ओततात पोरांसाठी.’ बाकावर शांत बसलेल्या सरांबद्दल कुणी असं म्हणत नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये एनबीएचा त्या वेळचा विजेता संघ गोल्डन स्टेट वॉरियर्स फिनिक्सविरुद्ध खेळत होता. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी टाइमआउटमध्ये डावाची पाटी खेळाडूंच्या हातात दिली. आंद्रे इग्वोडालासह खेळाडूंनीच डाव आखले. संघ 129-83 ने जिंकला. समोरच्या संघाचा हा अपमान आहे अशी टीकाही झाली. संघ खेळाडूंचा आहे, त्यांनी तो आपला मानायला हवा, असा कर यांचा मुद्दा होता. अर्थात करोडोंचे करार असलेल्या खेळाडूंबरोबर हे करणं आणि सातवीच्या मुलांबरोबर करणं यात फरक आहे. सातवीच्या मुलांना ‘तुम्हीच ठरवा’ म्हणून सोडून दिलं तर ते भांडतील.

त्यांच्याबाबतीत चालतो तो प्रश्न. खेळ थांबवून ‘तू पास द्यायला हवा होतास’ म्हणण्याऐवजी ‘तुला काय दिसलं?’ असं विचारायचं. पहिल्या आठवड्यात उत्तर येतं, ‘काही नाही सर.’ ते बहुधा खरंच असतं, त्याची नजर चेंडूवर होती. दोन-तीन आठवड्यांनी तोच मुलगा सांगू लागतो की समोरचा डावीकडे झुकला होता. कबड्डीतून परत आल्यावर कोणता कोपरा ढिला आहे हे तो संघाला सांगतो, त्याच भाषेत.

मोकळ्या खेळातून मोठे खेळाडू घडल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीतल्या मैदानांवर संध्याकाळी लहान-मोठे एकत्र बास्केटबॉल खेळत आले. भारताचे कर्णधार राहिलेले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर त्याच भागातले. मोठ्या पोरांत खेळणाऱ्या लहानग्याला ताकद उपयोगी पडत नाही, डोकंच चालवावं लागतं. विदर्भात नागपूरला अशी संस्कृती आहे. हिवरा आश्रमसारख्या गावात ती बास्केटबॉलची नाही, पण कबड्डी आणि खो-खोची आहे आणि बास्केटबॉलच्या सरांना तीच उसनी घेता येते.

हे करून बघणाऱ्या सरांनी एक गोष्ट आधीच मुख्याध्यापकांना सांगून ठेवलेली बरी. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत संघ जास्त वाईट दिसेल. पास चुकतील, चेंडू बाहेर जातील, रांगेत पडणारे ले-अप समोर माणूस उभा राहिला की पडायचे बंद होतील. ते आधीही सामन्यात पडत नव्हतेच, फक्त सरावात ते कुणाला दिसत नव्हतं.

आणि सुरुवात पाच विरुद्ध पाचने करण्याची सक्तीही आता नाही. तीन विरुद्ध तीनचा बास्केटबॉल टोकियोपासून ऑलिम्पिकमध्ये आहे. त्याला एक रिंग लागते, अर्धं मैदान लागतं, मोठ्या सामन्यातल्या 24 ऐवजी 12 सेकंदांत शॉट मारायचा असतो. 10 मिनिटं किंवा 21 गुण, जे आधी होईल ते. आणि सामना सुरू असताना प्रशिक्षकाला मैदानाशेजारी बसून सूचना द्यायची परवानगी नसते. टाइमआउटमध्येही खेळाडूंनी आपसातच बोलायचं. एक रिंग असलेल्या शाळेला एवढं आजही करता येतं.